मामाच्या आधीचं पान

नवऱ्या मुलाचा मामा, विश्राम, फोनवर म्हणाला, "आलोच मावशी, काशेळीचा पूल दिसतोय," आणि मी विश्वास ठेवला. आमच्या लोकांत 'आलोच' म्हणजे अजून चपला शोधतोय, हे मला ठाऊक नाही असं थोडंच आहे! पण मांडवभर माणूस, कानाशी बेंजो, आचारी मागून हाका मारतोय, अशा वेळी जे ऐकायचं असतं तेवढंच कानात शिरतं. मी फोन काळुरामच्या हातात कोंबला, गर्दीतून सगुणाला दंडाला धरून बाहेर काढलं आणि मागच्या न्हाणीपाशी नेलं.

"टोचून घे. पानं मांडतायत."

"मांडली का?"

"मांडतायत म्हटलं ना."

"आजी, पान समोर आल्यावर घ्यायचं असतं. तुला माहितेय."

"समोर बायका असतात. घे मुकाट."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर मी डोळे काढले असते. मग आत गेली आणि कडी घातली. बाहेर मी पहारेकऱ्यासारखी उभी.

सगुणा माझी नात. माझ्या मुलाची, काळुरामची धाकटी, पंधराची. नाव माझ्या सासूचं, म्हणून पोरगी माझ्यावर कायमची रुसलेली. मैत्रिणींमध्ये ती 'सॅगी' आहे. दोन वर्षांमागे तिला साखरेचा आजार निघाला. हो, पोरांनाही होतो. मीही डॉक्टरला म्हटलं होतं, आमच्यात कुणाला नाही, तुमचं मशीन बिघडलंय. मशीन बरोबर होतं. हंडाभर पाणी पीत होती, कबड्डीच्या टीममधली दणकट पोर वाळून बोंबिलासारखी झाली होती. तिच्या पोटातलं इन्शुलिन बनायचं थांबलंय, आता ते सुईनं बाहेरून द्यायचं, जन्मभर. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायची नीट. म्हणाली, आजी, सुई साखर उतरवते, जेवण चढवतं, खेळणं उतरवतं. तिघांना एकमेकांचा पत्ता असला पाहिजे.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. पण भातखाचरं राखलीत, मिठागरात पाणी कधी सोडायचं आणि कधी अडवायचं हे पाहत वाढले, मला एवढं कळणार नाही? आम्ही भाताची माणसं, भात सोडा म्हणाली असती तर तिथंच उठले असते. नाही म्हणाली. मोजून खा म्हणाली. तेव्हापासून सगुणाचा भात मी वाढते. कबड्डीच्या दिवशी आधी केळं, सुईचा आकडा कमी. परीक्षेच्या दिवसांत पोरगी बसून असते, तेव्हा उलटं. साखर उतरायला लागली की आधी ती गप्प होते, मग चिडते, मग वरच्या ओठावर घाम. मशीन नंतर सांगतं, मला आधी दिसतं.

पण हे सगळं घरात. बाहेर कुणाला पत्ता नाही, कारण मी लागू दिला नाही. पोरीचं लग्न व्हायचंय. आमच्या गावात खोकला आला तर पलीकडच्या गावात तेरावं घालतात. सुई टोचणारी करवली म्हटल्यावर गोष्ट बाळकुमापासून पार खाडीपल्याडच्या कोपर गावापर्यंत गेली असती. म्हणून न्हाणी.

आज तिच्या मोठ्या भावाची, आनंदाची हळद. म्हणजे ती करवली, डोक्यावर दिव्याचा कलश घेऊन नवऱ्यामागं उभी राहणारी मानाची बहीण. आणि आमच्या घरची रीत अशी की मांडवात पहिलं पान देवाचं, दुसरं मामाचं. मामा पाटावर बसून पहिला घास घेईपर्यंत दुसरी पत्रावळ उलगडायची नाही. करवलीने तर पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही.

ही रीत कुणी हौसेने लावलेली नाही. माझ्या नणंदेच्या लग्नात मामा कोपरहून होडीने निघाला होता. तेव्हा कुठले पूल! ओहोटी उतरली, होडी गाळात रुतली, आणि इथे सासऱ्यांना भूक आवरली नाही. पंगत बसवली. मामा धक्क्यावर उतरला तेव्हा माणसं हात धूत होती. तो परत होडीत जाऊन बसला, भरतीची वाट पाहिली आणि बाशिंग-आहेरासकट मागे फिरला. माझ्या सासूला भावाचं तोंड पुन्हा दिसलं ते तो तिरडीवर असताना. मी नवी सून होते. सासूचे ते डोळे मी पाहिलेत, म्हणून रीत मी धरून ठेवली. आता कुणाच्या मांडवात मानावरून कुरबूर झाली की मला बोलावतात. मागच्या साली जाऊबाईच्या, रखमाबाईच्या नातीच्या हळदीत मी स्वतः भाताचं पातेलं झाकून त्यावर बसले होते. पोरं रडत होती, मी उठले नाही.

तर सगुणा न्हाणीतून बाहेर आली आणि मी मांडवात येऊन पाहते तो पानं कुठे मांडतायत! देवाचं पान ठेवलेलं, त्याच्या शेजारी विश्रामचा पाट, रांगोळी, रिकामी पत्रावळ, तांब्या. बाकी सगळं बांधलेलं.

"काळुराम, आला का रे?"

"माणकोलीला आहे."

"आता तर काशेळी म्हणाला!"

"पूल दिसतोय म्हणाला, आय. मोबाईलमध्ये दिसत असेल. ट्रेलर आडवा झालाय नाक्यावर. गाडी हलत नाय."

सुई आत गेली होती, आणि तीही सणाच्या जेवणाची, भात, वालाचं बिरडं, बुंदी सगळं धरून. आत गेलेली सुई काही ट्रेलर हटायची वाट बघत नाही.

आणि त्याच वेळी बेंजोवाल्यांनी ताल बदलला. कबड्डीच्या पोरी आल्याच होत्या. "सॅगी! सॅगी!" करत त्यांनी तिला ओढलं. आनंदाही हळदीने माखलेला उठला आणि बहिणीचा हात धरून नाचायला लागला. नाचतात कशी ही पोरं, गुडघे जमिनीला लावून! दुसऱ्या कुठल्या दिवशी मी कडेला बसून जीव ओवाळून टाकला असता. आज मला तिचा उडीचा एकेक पाय माझ्या छातीवर पडल्यासारखा लागत होता. सुईने उतरतंय, नाचाने उतरतंय, आणि चढवणारं पातेलं झाकलेलं.

मी डोळ्यांनी खूण केली, बस. तिने पाहिलं आणि पाठ फिरवली.

"शीला, तुझ्या भावाला लाव फोन."

माझी सून गरीब आहे, पण आई आहे. म्हणाली, "लागत नाय आई. तिला काहीतरी देऊ या ना आपण."

"देऊ या. इथे नाय."

"मग कुठे?"

मी मागे गेले, पेल्यात साखर ओतली, लिंबू पिळलं, पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले आणि एका पोरीकरवी सगुणाला निरोप धाडला. पाय एका जागी ठरेनात. टाकीच्या या कोपऱ्यावरून गेट दिसत होतं, त्या कोपऱ्यावरून मांडव. मी आपली या टोकाची त्या टोकाला. आमच्या शेतावर उभा राहिलेला टॉवर वरून बघत होता. त्याच्या गॅलऱ्यांत माणसं फोन धरून आमच्या नाचाचं शूटिंग करत होती. म्हटलं, घ्या, याचंही घ्या, गोदाबाई टाकीमागे पेला घेऊन उभी आहे.

सगुणा आली. धापा टाकत.

"इथे?"

"पी."

"पानं मांडतायत म्हणालीस. कुठायत?"

"मामा अडकलाय. आधी पी, मग भांड."

"मी चोर आहे का? शाळेत बाकावर बसून टोचते मी. मैदानात सगळ्यांसमोर केळं खाते. आपल्याच घरात मला न्हाणी आणि आता टाकी."

"तुझ्या भल्यासाठी चाललंय ना सगळं!"

"माझ्या का तुझ्या? लोक काय म्हणतील ते तुला म्हणतील, आजी. मला जे ऐकवायचं ते आजाराने कधीच ऐकवलंय."

"तोंड वर करून बोलतेस?"

"तुझ्यावरच गेलेय." तिने हात झटकला. पेला पडला. सरबत माझ्या नव्या लुगड्यावर, मातीत, सगळीकडे. ती गेलीसुद्धा.

मी तिथेच. आता हे बोलली ती माझी नात का उतरलेली साखर? दोघी चिडल्या की सारख्याच दिसतात. घाम होता का ओठावर? नाचून आलेली, घाम तर सगळीकडेच होता. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या नजरेला काही कळेना.

मांडवात परतले तर काळुराम फोनवर ओरडतोय, "अरे रिक्षा पकड, चालत ये!" रखमाबाई खुर्चीवर पंखा घेत बसलेली. मला बघून म्हणाली, "काय गो गोदाबाय, पोरांना भुका लागल्यात. पातेल्यावर बसाला जागा ठेवलीय ना?" बाजूच्या चारजणी हसल्या. मी हसण्याकडे लक्ष दिलं नाही. मी पोरींचा घोळका बघत होते.

सगळ्या नाचत होत्या. एक उभी होती.

मांडवाच्या मेढीला हात लावून, मान जराशी वाकडी. आनंदाने तिला हाक मारली, तिने वळून पाहिलं ते त्याच्या पलीकडे. मग माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळे माझ्यावर होते, एवढंच.

"बंद करा ते!"

बेंजोवाल्यांना वाटलं मी फर्माईश सांगतेय. त्यांनी वाढवलं. मी जाऊन ढोलावर हात ठेवला. दाबूनच धरला. आवाज थांबला आणि सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. तोवर सगुणा मेढीवरून घसरत खाली बसली होती.

मी तिच्यापुढे मातीत बसले. हात गार, कपाळ ओलं.

"सगू, मी कोण?"

ओठ हलले. "भांडखोर."

गिळता येतंय. शुद्ध आहे. एवढं कळलं आणि माझ्या जिवात जीव आला. बेशुद्ध असती तर तोंडात थेंब घालायचा नव्हता, हे डॉक्टरणीने मला तीनदा म्हणायला लावलं होतं.

"साखर आणा कुणीतरी!"

कुणीतरी बुंदीचं ताट पुढे केलं. "बुंदी नको, तुपातली आहे, सावकाश चढेल. पाक आण रे, बुंदीचा पाक! पाणी घालून!" आचाऱ्याने डावच आणला भरून. मी वाटीत ओतून घेतला आणि तिच्या ओठांना लावला. "घोट घे. अजून एक."

"अगो बाय!" रखमाबाई खुर्चीतून उठली. "करवलीला? मामाच्या आधी? गोदाबाय, नेम तुझाच ना गो? आमच्या दारात आमची पोरं रडवलीस तू."

खरं होतं तिचं. मला त्याचाच राग आला. वाटी एका हाताने धरून मी मान वळवली.

"रडवली. ही रडायला उरणार नाय, म्हणून पाजतेय. हिला साखरेचा आजार हाय. दोन वर्षं झाली. दिवसातून चार वेळा सुई घेते आणि तरी तुमच्या सगळ्यांच्या पोरींना मैदानात लोळवते. मी लपवलं. आता नाय लपवत. कुणाला अजून काय विचारायचंय?"

कुणाला काही नव्हतं. म्हणजे होतं, पण नंतर विचारायचं होतं.

"लगीन कोण करील गो हिच्याशी?" रखमाबाईच्या तोंडून निघालंच. ती वाईट नाही, तिला तोंडात काही राहत नाही.

"ज्याला पान वेळेवर वाढता येईल तो. तुझ्या नातवांत असेल कुणी तर सांग, बघते मी जमतंय का."

शीलाने सुई-मशीनचा बटवा आणला होता. न्हाणीतली सुई झाल्यावर तो मी परत माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला, तिने माझ्या कमरेच्या जुडग्यातली किल्ली कधी काढली मला कळलंसुद्धा नाही. बोटातून थेंब काढला. मशीनवरचा आकडा पाहून काळुराम मटकन खाली बसला. मी त्याला म्हटलं, तू बस, तेवढंच एक काम आज धड केलंस. मग थांबायचं. पाक अंगात भिनायला वेळ लागतो, तोवर माणसाने काय करायचं हे डॉक्टरीण सांगत नाही. मी तिची बोटं चोळली. मेढीची माती उकरली. आनंदा हळदीच्या हातांनी तिला वारा घालत होता, सगळं तोंड पिवळं केलं तिचं. पुन्हा थेंब काढला. चढत होती. तिने डोळे नीट उघडले आणि पहिलं काय बोलली?

"सगळे का बघतायत?"

"सगळ्यांसमोर हवं होतं ना तुला? मग बघतायत. ऊठ. जेव."

पत्रावळी बांधलेल्या, गाठी सुटेनात. मांडवात मांडलेलं पान एकच होतं. मी तिला उठवलं आणि विश्रामच्या पाटावर बसवलं. शीला म्हणाली, "आई, तो दादाचा पाट..." मी पातेल्याचं झाकण काढलं आणि भात वाढला. माझ्या हाताला सवय आहे, तरी त्या दिवशी मूद जरा मोठीच पडली.

तिने दुसरा घास घेतला आणि गेटपाशी गलका झाला. मामा आले! मामा आले!

विश्राम आत आला. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, मागे त्याची बायको मालन आहेराचं ताट घेऊन, तिच्यामागे कोपरची सगळी वरात. आणि समोर त्याच्या पाटावर, त्याच्या पत्रावळीत, करवली वाल चिवडतेय. तो थांबला. पिन पडली असती तर ऐकू आली असती असं नाही, कारण टॉवरवालं कुत्रं भुंकत होतं. पण माणसं सगळी गप्प.

मला माझ्या सासूचे डोळे आठवले. शीलाकडे पाहिलं तर तेच डोळे तिथे होते. तिचा एकुलता भाऊ. तो मागे फिरला असता तर तिने मला कधी बोलून दाखवलं नसतं, आणि तेच मला झेपलं नसतं.

पण विनवणी मला येत नाही. मी डाव हातात घेऊन उभी राहिले.

"विश्राम, तुझ्या आधी पान वाढलंय. मी वाढलंय. पोरीचा जीव जात होता. मागे फिरायचं असेल तर फीर बाबा, आता पूल झालाय, भरतीची वाट बघावी लागणार नाय."

तो ओठ दाबून उभा. आणि मला त्याच्या शर्टावर छातीपाशी लाल डाग दिसला. मी पुढे झाले. वाकून पाहिलं. आमची नजर अधू झालेली नाही अजून.

"हे काय रे?"

"काय?"

"चटणी. लसणीची."

मालन मागून हळूच म्हणाली, "माणकोलीला गाडीवर घेतले वडापाव. हे म्हणाले, जीव जातोय भुकेने."

"किती खाल्लेस?"

"दोन," विश्राम म्हणाला.

"तीन," मालन म्हणाली.

मांडवात मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मला वाटतं रखमाबाईच. मी म्हटलं, "म्हणजे मामाने पहिला घास घेतला. माणकोलीला घेतला, पण घेतला. काळुराम, पत्रावळी सोड."

विश्राम लाल झाला, शर्टावरच्या चटणीपेक्षा. मग सगुणाकडे पाहून त्याचा चेहरा बदलला. तिचं पिवळं तोंड, थरथरता हात. तिच्या शेजारी मातीत मांडी घालून बसला, पाट न मागता. "काय झालं गो माझ्या बायला?"

सगुणा तोंडात घास घेऊन म्हणाली, "तुझं इन्शुलिन मी घेतलं, मामा, आणि माझे वडे तू खाल्लेस."

त्याला काडीचं कळलं नाही. शीलाने पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती, मी नाही पाहिलं. मला भात वाढायचा होता.

संध्याकाळी पुन्हा पानं पडली, या वेळी खरंच पडली. सगुणा पंगतीत मधोमध बसली, बटवा मांडीवर. सगळ्या बायका जेवायच्या सोडून तिच्याकडे बघत. तिने सुईचं पेन काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पत्रावळीकडे पाहिलं. भात आहे. भाकरी आहे. रात्री नाचणार आहे, ते थांबणार नाही.

"कमी घे," मी म्हटलं.

"माहितेय."

तिने पोटाशी टोचलं. रखमाबाई डोळे ताणून म्हणाली, "एवढंच? माझी टाचणी मोठी असते याच्यापेक्षा."

जेवण झालं, बेंजो परत सुरू झाला. पोरी तिला न्यायला आल्या. मी वाटेत उभी.

"नाचू ना?"

"आधी केळं."

"आजी, आत्ताच जेवलेय!"

"केळं."

तिने ते माझ्या डोळ्यांसमोर, मांडवाच्या मधोमध सोलून खाल्लं आणि साल माझ्या हातावर ठेवून गेली. मी कडेला खुर्ची टाकली, पण बसवेना. लुगड्याच्या पदराला साखरेची पुरचुंडी बांधलेली होती, ती चाचपत मी उभीच राहिले, तिच्या वरच्या ओठाकडे बघत.